आधी यादी, मग कमांड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याचे ऑफिस घ्या, टिळकवाडीतले कॉलेज घ्या, नाहीतर निपाणीतल्या एखाद्या हायस्कूलची लॅब. यंत्रे वीसच्या पुढे गेली की एक माणूस पेन ड्राइव्ह घेऊन या खुर्चीवरून त्या खुर्चीवर फिरताना दिसतो. प्रिंटरचा ड्रायव्हर टाक, घड्याळ दुरुस्त कर, एक सॉफ्टवेअर काढ, दुसरे घाल. यंत्रामागे पाच मिनिटे धरली तरी तीस यंत्रांना अडीच तास जातात. शिवाय अकराव्या की बाराव्या यंत्रावर एखादी पायरी राहून जाते, आणि ते नेमके प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी उघडकीला येते.

हा लेख त्या माणसासाठी आहे. तो लॅब असिस्टंट असेल, कंपनीचा सिस्टीम अ‍ॅडमिन असेल, किंवा गणित शिकवता शिकवता संगणक कक्षाची किल्लीही सांभाळणारे सर किंवा मॅडम असतील. एका जागी बसून, एका टर्मिनलवरून, गटागटाने यंत्रे कशी सांभाळायची ते इथे सांगतो. त्यासाठी लागणारी साधने मोफत आहेत आणि लिनक्सच्या नेहमीच्या भांडारात मिळतात.

बहुतेक शिकवणारे जी गोष्ट शेवटी सांगतात ती मी आधीच सांगून टाकतो. गटावर चालवलेली कमांड बरोबर असेल तर तीसही यंत्रांवर बरोबर चालते, आणि चुकलेली असेल तर तीसही यंत्रांवर चुकते. म्हणून या कामात कमांडपेक्षा यादी मोठी. कोणते यंत्र कोणत्या गटात, हे ज्याने नीट ठरवले त्याचे निम्मे काम झाले.

कमांडची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची. उदाहरणे लिनक्सची आहेत, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेली यंत्रे तिथे अडतात. ती भंगारात काढण्यापेक्षा त्यांच्यावर डेबियन किंवा उबुंटू घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भागातल्या शाळांकडे दर पाच वर्षांनी नवी लॅब उभारण्याइतका पैसा नसतो.

यादी कशी करावी

प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला एक मॅक पत्ता असतो. तो आधी वहीत उतरवून घ्या, मग राउटरमध्ये किंवा डीएनएसमास्क चालवत असाल तर त्याच्या फाइलमध्ये त्या मॅक पत्त्याला एक आयपी पत्ता कायमचा बांधून द्या. आज एक पत्ता, उद्या दुसरा, अशा यंत्रांची यादी टिकत नाही.

यंत्रांना नद्यांची नावे देण्याची हौस अनेकांना असते. घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा ही नावे कानाला गोड लागतात खरी, पण ‘वेदगंगा सुरू होत नाही’ असा फोन आला की ती कोणत्या खोलीत, कोणत्या रांगेत, हे शोधण्यापासून सुरुवात. त्यापेक्षा नावातच जागा सांगा: दुसरी खोली, तिसरी रांग, चौथे यंत्र. तेच नाव कॅबिनेटवर स्टिकर करून चिकटवा.

आता गट. अनेक यंत्रांवर एकदम कमांड चालवणाऱ्या अ‍ॅन्सिबल या साधनाची यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. चौकटी कंसात गटाचे नाव, त्याखाली यंत्रांची नावे, ओळीला एक. यंत्रांचे क्रमांक ओळीने असतील तर ‘एक ते तीस’ असा पल्ला एकाच ओळीत देता येतो. एकच यंत्र कितीही गटांत घालता येते, आणि याच सोयीचा पुरेपूर उपयोग करायचा असतो. माझ्या मते प्रत्येक यंत्र निदान चार गटांत असावे: ते कोणत्या खोलीत आहे, कोणत्या स्विचला जोडले आहे, कोणत्या यूपीएसवर आहे, आणि त्यावर सध्या कोणते काम चालते. खोलीचा गट रोजच्या कामासाठी. स्विचचा आणि यूपीएसचा गट बिघाड शोधताना उपयोगी पडतो. चौथा गट माणसांना सांभाळतो.

या चौथ्या गटाची गरज सीमाभागात इतरांपेक्षा जास्त भासते. निपाणी कर्नाटकात आहे. गावाला लागून असलेले देवचंद कॉलेज मात्र कागल तालुक्यातल्या अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, आणि ते शिवाजी विद्यापीठाला जोडलेले. बेळगावकडची पदवी महाविद्यालये २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे, तर अभियांत्रिकीची १९९८ पासून बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाकडे. शाळांचेही तसेच: इकडे कर्नाटकाचे बोर्ड, पलीकडे महाराष्ट्राचे. दोन्ही बाजूंच्या संस्थांची देखभाल करणाऱ्याला एकाच महिन्यात तीन-चार वेगवेगळी वेळापत्रके डोळ्यांपुढे ठेवावी लागतात. एका लॅबला सुट्टी असते तेव्हा दुसरीत मुले ऑनलाइन पेपर सोडवत असतात. म्हणून ‘परीक्षा’ नावाचा एक गट कायम ठेवा. परीक्षा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती यंत्रे त्यात घाला, संपल्यावर काढा, आणि प्रत्येक मोठी कमांड ‘सगळी, पण परीक्षा गट वगळून’ अशीच चालवा.

अ‍ॅन्सिबलमध्ये हे वगळणे उद्गारचिन्हाने होते: आधी ‘ऑल’, मग अपूर्णविराम, मग उद्गारचिन्ह आणि गटाचे नाव. इथे दोन खड्डे आहेत. पहिला छोटा. बॅश शेल उद्गारचिन्ह पाहून जुन्या कमांड उकरू लागते, दुहेरी अवतरणातसुद्धा. म्हणून हा तुकडा एकेरी अवतरणातच लिहायचा. दुसरा खड्डा खोल आहे. गटाचे नाव टाइप करताना एक अक्षर चुकले, तर असा गट नाही एवढा इशारा देऊन अ‍ॅन्सिबल पुढे जाते. म्हणजे काहीच वगळले जात नाही आणि कमांड परीक्षेच्या यंत्रांवरही चालते. त्यावर उपाय अ‍ॅन्सिबलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आहे. ‘इन्व्हेंटरी’ या विभागात ‘होस्ट-पॅटर्न-मिसमॅच’ नावाची नोंद असते (मधल्या आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोर टाकायचा). तिची किंमत ‘एरर’ करून ठेवा, मग नाव चुकल्यावर कमांड जागीच थांबते. ही एक ओळ लिहिल्याशिवाय पुढचे काहीही करू नका.

आणि कोणतीही कमांड खरी चालवण्याआधी तिच्या शेवटी ‘डॅश डॅश लिस्ट-होस्ट्स’ जोडून पाहा. कमांड चालत नाही, ती ज्या यंत्रांवर चालली असती त्यांची नावे तेवढी दिसतात. ती मोजा.

किल्ली

यंत्रांशी बोलायचे ते एसएसएचमधून. हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठातल्या तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये ते तयार केले, कारण तिथल्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून वाचत होते. आज आपण वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ पासूनचे.

सगळ्या यंत्रांवर एकच पासवर्ड ठेवणे आणि तो वहीच्या मागच्या पानावर लिहिणे ही पद्धत बंद करा. ‘एसएसएच-कीजेन’ ने ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवा, तिला लांबसा पासफ्रेज द्या, आणि ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ ने तिचा सार्वजनिक भाग एकेका यंत्रावर पाठवा. ‘एसएसएच-एजंट’ चालू असला की पासफ्रेज सत्रात एकदाच द्यावा लागतो. देखभालीसाठी प्रत्येक यंत्रावर वेगळे खाते ठेवा; मुलांच्या खात्याला सुडोचे अधिकार नकोत.

एकाच डिस्कची प्रत काढून उभ्या केलेल्या लॅबमध्ये एक अडचण हमखास येते. तैवानच्या एनसीएचसी या संस्थेने बनवलेले क्लोनझिला त्यासाठी उत्तम आहे, पण प्रत काढताना एसएसएचच्या यजमान किल्ल्या आणि ‘मशीन-आयडी’ ही फाइलही जशीच्या तशी उतरते. मग तीसही यंत्रे एकाच ओळखीची होतात. काही वेळा दोन यंत्रे एकच आयपी पत्ता मागतात, आणि कारण शोधताना दिवस जातो. म्हणून मूळ यंत्राची प्रत काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा (पुसू नका, रिकामी करा), यजमान किल्ल्या काढून टाका आणि प्रत्येक यंत्रावर नव्याने बनवा.

पहिला प्रश्न, मग पहिला बदल

सुरुवातीचे काही दिवस फक्त प्रश्न विचारा. त्यासाठी पीडीएसएच पुरेसे आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले हे साधन. ते एकच कमांड सगळ्या यंत्रांवर एकदम चालवते. त्याचे उत्तर ‘डीएसएचबॅक डॅश सी’ कडे वळवले की ज्या यंत्रांचे उत्तर अक्षरशः सारखे, ती एका गठ्ठ्यात येतात.

करून पाहण्यासाठी सगळ्यांना नुसती तारीख विचारा. सत्तावीस यंत्रे आजची तारीख सांगतील आणि तीन यंत्रे कित्येक वर्षे मागे असतील. त्या तिघांच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला आहे. ‘मॅडम, या मशीनवर वेबसाइट उघडत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते: घड्याळ मागे गेले की साइटचे प्रमाणपत्र ब्राउझरला अजून लागू न झालेले वाटते, आणि तो ती उघडू देत नाही. बाजारात सहज मिळणारा एक सेल घातला की काम झाले. त्याच पद्धतीने डिस्कवर किती जागा उरली, मेमरी किती आहे, हे विचारा. एका यंत्राची मेमरी इतरांपेक्षा निम्मी दिसली तर एक रॅमची पट्टी सैल झाली आहे किंवा कोणी काढून नेली आहे.

बदल करायचा तर अ‍ॅन्सिबल. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१५ मध्ये रेड हॅटने त्यांची कंपनी घेतली. समोरच्या यंत्रावर वेगळे काही बसवावे लागत नाही. एसएसएच आणि पायथन असले की झाले. त्याचे ‘पिंग’ नेहमीच्या पिंगहून वेगळे आहे. ते यंत्रात लॉगिन होऊन, पायथन चालवून ‘पाँग’ असे उत्तर आणते. ‘अनरीचेबल’ आले तर यंत्र बंद आहे, वायर निघाली आहे किंवा किल्ली लागत नाही. ‘फेल्ड’ आले तर आपण आत पोहोचलो, पण काम झाले नाही. या दोघांचा शोध वेगवेगळ्या जागी घ्यायचा असतो, म्हणून निकाल घाईने वाचू नका.

बदलाचा क्रम माझ्या कामात ठरलेला आहे. आधी ‘डॅश डॅश चेक’ आणि ‘डॅश डॅश डिफ’ लावून काय बदलेल ते वाचायचे. मग ‘डॅश डॅश लिमिट’ देऊन एकाच यंत्रावर, तेही आपल्या शेजारच्या. त्या यंत्रावर स्वतः बसून विद्यार्थ्याच्या खात्यातून लॉगिन करून पाहायचे. मग एक रांग. मग एक दिवस वाट. मग उरलेली सगळी. घाईच्या वेळी हा एक दिवस जड जातो, पण तो सोडू नका. अ‍ॅन्सिबल मुळात एका वेळी पाचच यंत्रे हाती घेते. तो आकडा वाढवता येतो, तरी सुरुवातीला पाचच असू द्या. काही विपरीत दिसले तर थांबवायला हात पोहोचतो.

करंट गेल्यावर

आपल्याकडे यंत्रांच्या गटाची खरी परीक्षा वीज घेते. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरून येतात, वळीव सुरू होतो आणि करंट जातो. तीस यंत्रांची लॅब एका यूपीएसवर फार वेळ निघत नाही. यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजेच नट, हे साधन बसवा. यूपीएस यूएसबी वायरने एका यंत्राला जोडायचा; ते मुख्य. बाकीची यंत्रे नेटवर्कवरून त्याच्याकडे कान लावून असतात. बॅटरी खाली आली की मुख्य यंत्र सगळ्यांना बंद व्हायला सांगते आणि शेवटी स्वतः बंद होते. यात एक गोष्ट अनेक ठिकाणी राहून गेलेली दिसते: नेटवर्क स्विचही यूपीएसवर हवा. तो करंटबरोबर गेला तर बंद व्हायचा निरोप कुणापर्यंतच पोहोचत नाही.

करंट परत आल्यावर दुसरा प्रश्न. बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू’ हे सगळीकडे लावलेले असेल, तर तीसही यंत्रे एकाच क्षणी विजेचा झटका ओढतात आणि एमसीबी पडतो. त्यापेक्षा ते बंद ठेवा आणि यंत्रे नेटवर्कवरून जागी करा. याला वेक-ऑन-लॅन म्हणतात. त्याचे पॅकेट पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला एफएफ हा बाइट सहा वेळा, त्यापाठोपाठ त्या यंत्राचा सहा बाइटांचा मॅक पत्ता सोळा वेळा. सहा अधिक शहाण्णव, एकूण १०२ बाइट. यंत्र बंद असले तरी नेटवर्क कार्ड थोड्या विजेवर जागे असते. आपला पत्ता या रीतीने सोळा वेळा आलेला दिसला की ते मदरबोर्डला उठवते. ‘वेकऑनलॅन’ किंवा ‘ईथरवेक’ या कमांडने हे पॅकेट पाठवता येते. यूपीएसच्या गटाप्रमाणे पाच-पाच यंत्रे घ्या, मध्ये वीस सेकंद ‘स्लीप’ ठेवा. बायोसमध्ये वेक-ऑन-लॅन चालू आणि ‘ईआरपी’ ही वीजबचत बंद असायला हवी, नाहीतर कार्डाला बंद अवस्थेत वीजच मिळत नाही. काही जुनी यंत्रे पूर्ण करंट जाऊन आल्यावर एकदा बटणानेच सुरू करावी लागतात. ती कोणती हे एका संध्याकाळी मेन स्विच पाडून तपासून घ्या आणि त्यांचाही एक गट करा.

वळवाच्या विजा आणखी एक काम करतात: स्विच जाळतात. सकाळी आठ यंत्रे अनरीचेबल दिसली आणि ती सगळी एकाच स्विचच्या गटातली निघाली, तर एकेक कॅबिनेट उघडत बसू नका, थेट तो स्विच पाहा. आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची लॅन वायर टाकलेली असेल तर ती काढून फायबर टाका. विजेच्या कडकडाटात स्विच जाण्याचा तो राजमार्ग आहे.

दोन लिप्या, एक कळफलक

सीमाभागातल्या लॅबमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही हवे. एका वर्गातली मुले मराठी माध्यमाची, पुढच्या तासाची कन्नड, आणि मराठी शाळेतली मुलेही कन्नड शिकतात. फॉन्टसाठी लोहितची देवनागरी आणि कन्नड अशी दोन पॅकेजे अ‍ॅन्सिबलने सगळ्या यंत्रांवर एकाच फटक्यात बसतात. कळफलक इनस्क्रिप्ट ठेवा. भारतीय लिप्यांसाठी तो एकाच मांडणीवर बेतलेला आहे. इंग्रजी ‘के’ च्या कळीवर मराठीत ‘क’ आहे, कन्नडमध्येही तिथेच. एका लिपीत बोटे बसली की दुसरीत नव्याने शिकायला फारसे उरत नाही, आणि सीमेवरच्या मुलाला याचा आयुष्यभर फायदा आहे. उच्चारानुसार इंग्रजीतून टाइप करण्याची सोय सोपी वाटते, पण शाळेने इनस्क्रिप्टच शिकवावे असा माझा आग्रह आहे.

पॅकेजे बसवताना इंटरनेटचा विचार करा. तीस यंत्रांनी तीच फाइल तीस वेळा बाहेरून ओढली तर साध्या लाइनवर दुपार जाते. एका यंत्रावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ चालवा. फाइल बाहेरून एकदाच येते, उरलेल्यांना लॅबमधूनच मिळते.

लॅबच्या आतही गणित करावेच लागते. डिस्कची तीन जीबीची प्रत तीस यंत्रांना द्यायची म्हणजे नव्वद जीबी. गिगाबिट स्विचवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळाले तर चौदा मिनिटे. शंभर मेगाबिटच्या जुन्या स्विचवर तेच काम सव्वादोन तासांचे. अशा ठिकाणी क्लोनझिलाचे मल्टिकास्ट वापरा. प्रत एकदाच निघते आणि सगळी यंत्रे ती एकाच वेळी उचलतात.

कारखान्यातल्या यंत्रांसाठी एक वेगळी सवय लावून घ्या. फौंड्रीतली काळी धूळ, निपाणीच्या वखारीतली तंबाखूची धूळ पंख्यात आणि हीटसिंकमध्ये बसते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. आठवड्यातून एकदा ‘सेन्सर्स’ ही कमांड गटावर चालवून सगळ्यांचे तापमान उतरत्या क्रमाने लावा. वरची दोन-तीन यंत्रे ब्लोअरने साफ करायला घ्या. ‘स्मार्टसीटीएल’ ने डिस्कची प्रकृतीही विचारा. बदललेल्या सेक्टरांचा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर ती डिस्क जाण्याआधीच बदला.

विंडोजची यंत्रे ठेवणे भाग असेल तर पॉवरशेलच्या ‘इन्व्होक-कमांड’ ला यंत्रांची यादी देता येते. ती एका वेळी बत्तीसपर्यंत यंत्रे घेते. कॅमेरे, अ‍ॅक्सेस पॉइंट आणि स्विच यांची यादी मात्र वेगळ्या फाइलमध्येच ठेवा. संगणकांवरची कमांड चुकून स्विचवर चालली तर ती दुरुस्त करायला लागणारा रस्ताच बंद होतो.

राहता राहिले हस्तांतरण. यादी आणि सगळ्या फाइल गिटमध्ये ठेवा, म्हणजे कोणी, कधी, काय बदलले ते दिसते. पासवर्ड आणि खासगी किल्ल्या त्यात नकोत. संस्थेत निदान दोघांना हे काम यायला हवे, आणि प्रत्येकाची किल्ली स्वतंत्र हवी. कंत्राटावरची माणसे बदलतात, शिक्षकांच्या बदल्या होतात. जो जातो त्याची किल्ली त्याच दिवशी गटावर कमांड चालवून काढा. त्या वेळी बंद असलेली यंत्रे अनरीचेबल म्हणून दिसतील. त्यांची नावे लिहून ठेवा, आणि ती सुरू झाली की त्यांच्यावर तीच कमांड पुन्हा चालवा.